लोकरीसाठीचा वनस्पतिरंग संच: लाल मनासारखा, निळा मात्र सुती कापडाच्या हिशोबाचा

मी मागावर लोकरीच्या शाली विणते आणि धागा शक्यतो स्वतःच रंगवते. एरवी रंगद्रव्यं सुटी घेते. या वेळी मुद्दाम तयार संच घेतला, कारण रंगकाम शिकायला येणारी माणसं हमखास विचारतात, ‘एकाच खोक्यात सगळं मिळेल असं काही सांगा ना.’ खोक्यावर ठळक लिहिलं होतं, ‘खास लोकरीसाठी’. माझी कसोटीही तेवढीच आहे. यातली प्रत्येक पुडी आणि प्रत्येक सूचना लोकर ओळखून दिली आहे का? विक्रेत्याचं नाव देत नाही. असे संच बरेच जण काढतात आणि हीच कसोटी कुठल्याही संचाला लावता येते.

आत काय आहे ते आधी सांगते. न रंगवलेल्या लोकरीच्या 100 ग्रॅमच्या पाच लडी, 50 ग्रॅम तुरटी, 25 ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड), 10 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि चॉकच्या पुडीची छोटी पिशवी. रंगांमध्ये मंजिष्ठाच्या मुळांचे तुकडे, वाळवलेला झेंडू, डाळिंबाची साल, हळद आणि नीळ. निळीबरोबर चुना आणि फ्रुक्टोज. सोबत एक पुस्तिका.

लोकर चांगली आहे. दोनपदरी, मध्यम पिळाची, हाताला मऊ आणि तरी अंगात दम असलेली. कोमट पाण्यात टाकली तर बुडायला फार वेळ लावत नाही, म्हणजे तेलकटपणा नीट काढलेला आहे. हे मी आधी बघते. मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन राहून गेलं असेल तर पुढे कितीही उत्तम रंग घाला, तो ठिपक्याठिपक्यांनीच चढतो. लडी बांधल्या आहेत त्या मात्र फक्त दोन ठिकाणी आणि त्याही आवळून. तसंच रंगवलं तर दोऱ्याखाली पांढरे पट्टे राहतात. पातेल्यात घालण्याआधी ते दोरे कापा आणि चार ठिकाणी, आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवून, सैल बांधा. दोरा सुती घ्या. इतकी चांगली लोकर देणाऱ्याने एवढं करून द्यायला हवं होतं.

तुरटीचा हिशोब जुळत नाही. पुस्तिका म्हणते, कोरड्या लोकरीच्या वजनाच्या 15 टक्के तुरटी घ्या. 500 ग्रॅम लोकरीला ती 75 ग्रॅम होते आणि पुडीत आहे 50. घाबरायचं कारण नाही, लोकरीला 10 टक्के तुरटीही पुरते आणि मी सगळ्या लडी तेवढ्यातच केल्या. पण नवीन माणूस पुस्तिकेप्रमाणे पहिल्या तीन लडींना 15 टक्क्यांनी तुरटी घालून बसला, तर चौथ्या-पाचव्या लडीला त्याच्या हातात चिमूटभरच उरेल. तुरटीशिवाय रंग चढल्यासारखा दिसतो आणि धुण्यात निघून जातो. तुरटीतलं ॲल्युमिनियम लोकरीच्या प्रथिनाला धरतं आणि रंगाचा रेणू त्या ॲल्युमिनियमला धरतो, हा सगळा व्यवहार त्या एका पुडीवर उभा आहे. तापमानाची सूचना मात्र बरोबर आहे. थंड पाण्यापासून सुरुवात, हळूहळू 80–85 अंशांपर्यंत, तिथे तासभर, आणि लडी त्याच पाण्यात निवू द्यायची. गरम लडी उचलून थंड पाण्यात टाकली आणि वर चोळली तर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो, हे त्यांनी चौकटीत छापलं आहे. छान केलं.

आता मंजिष्ठा. या एका रंगासाठी मी हा संच पुन्हा घेईन.

पूड न देता मुळांचे तुकडे दिले आहेत, यातच देणाऱ्याची जाण दिसते. बारीक पूड लोकरीच्या पदरांत जाऊन बसते आणि धाग्यातून आठवडाभर झडत राहते. तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधता येतात. काडी मोडून पाहिली तर बाहेरून मातकट तपकिरी साल आणि आत तांबूस-केशरी गाभा. नखाने खरवडलं तर बोटाला लगेच रंग लागला. तुकडे रात्रभर भिजवले, सकाळी पुरचुंडी आणि पाणी दोन्ही पातेल्यात घेतलं, चिमूटभर चॉक टाकला आणि तुरटी दिलेली ओली लडी आत सोडली. आच इतकी मंद की 60 अंशांवर यायला तास लागावा. सुरुवातीला लडी नुसती पिवळट-नारिंगी दिसते आणि मनात शंका येते. चाळिशीच्या पुढे पारा गेला की लाल धरायला लागतो, तोही आधी पुरचुंडीला टेकलेल्या धाग्यांवर. म्हणून पुरचुंडी आणि लडी दोन्ही अधूनमधून हलक्या हाताने फिरवायची. ढवळायचं नाही, फक्त जागा बदलायची.

पुस्तिकेत मंजिष्ठाच्या पानावर ‘70 अंशांच्या वर नेऊ नका’ असं ठळक अक्षरांत आहे. या एका ओळीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. मुळात लाल रंगद्रव्यांबरोबर पिवळी आणि तपकिरी द्रव्यंही असतात. पाणी उकळीकडे गेलं की ती मोकळी सुटतात आणि लालाचा विटकरी होतो. मी 65 च्या आसपास तास-दीड तास ठेवलं आणि रात्रभर निवू दिलं. सकाळी लडी पिळली, धुतली, सावलीत टांगली. लाल असा, की जवळून पाहिलं तर धाग्याच्या कडांवर केशरी आणि पिळाच्या खाचेत गडद. शालीच्या काठाला असाच लाल लागतो. उरलेल्या पाण्यात माझी स्वतःची आणखी लोकर घातली, ती शेंदरी निघाली, आणि त्यानंतरची सुरेख अबोली. एका पुडीत तीन छटा मिळतात हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही. ते पाणी ओतून देऊ नका.

क्रीम ऑफ टार्टर सगळ्या लडींना सरसकट घालायला सांगितलं आहे. मंजिष्ठाच्या लडीला मी ते घातलं नाही. त्याचा आंबटपणा लालाला नारिंगीकडे ओढतो. तुम्हाला नारिंगीच हवा असेल तर जरूर घाला.

मंजिष्ठाबद्दल एकच तक्रार. पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही. युरोप आणि पश्चिम आशियात पिकणाऱ्या रुबिया टिंक्टोरमच्या मुळात अलिझारिन हे लाल रंगद्रव्य असतं. आपल्या मंजिष्ठात, म्हणजे रुबिया कॉर्डिफोलियात, भर मुख्यतः पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन या रंगद्रव्यांवर असतो. दोन्ही उत्तम, पण छटा वेगळी येते. एकाच शालीसाठी पुढच्या वर्षी पुन्हा मुळं मागवली आणि दुसऱ्याच झाडाची आली तर काठ जुळणार नाहीत. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढच्या काही वर्षांत मुळांची शेती बसली. तरीही मुळाचा लाल आजही वेगळा दिसतो, तो त्यात एकटं अलिझारिन नसतं म्हणून. मग कुठलं मूळ आहे ते सांगायला काय हरकत?

झेंडू आणि डाळिंब ठीक आहेत. झेंडू तुरटीवर उबदार पिवळा देतो, किंचित सोनेरी. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे मळकट पिवळा येतो आणि हिराकसाच्या पाण्यातून काढला की करडा-शेवाळी. तो करडा मला फार आवडला. पण पुस्तिकेत हिराकस 5 टक्के सांगितलं आहे, तेवढं घालू नका. लोह जास्त झालं की लोकर खरखरीत होते आणि काही काळाने धागा ठिसूळ पडतो. 1 ते 2 टक्के पुष्कळ झालं. म्हणजे 100 ग्रॅमच्या लडीला एक ते दोन ग्रॅम, तेही शेवटी, थोडा वेळच.

हळद या संचात नको होती. पातेल्यात ती सगळ्यांत देखणी दिसते, कारण इतका झळाळता पिवळा दुसरं काहीच इतक्या पटकन देत नाही. पण तो कच्चा रंग आहे. प्रत्येक लडीतून काढलेला धागा मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळते, अर्ध्या पट्टीवर काळा कागद लावते आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत ठेवते. हळदीची पट्टी काही दिवसांतच विटली. कागद उचलला तेव्हा मधोमध सरळ रेघ दिसली, एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला फिका साय-रंग. मंजिष्ठाच्या पट्टीवर अशी रेघ शोधावी लागते. झेंडू या दोघांच्या मध्ये. उद्योगात हीच परीक्षा आयएसओ 105-बी02 या मानकाने घेतात. त्यात नमुन्याशेजारी निळ्या लोकरीच्या 1 ते 8 क्रमांकांच्या पट्ट्या ठेवतात, आणि प्रत्येक वरची पट्टी खालच्यापेक्षा साधारण दुप्पट टिकते. छोट्या विक्रेत्याकडून मी प्रमाणपत्र मागत नाही. पण प्रत्येक पुडीवर ‘उन्हात पक्का’, ‘मध्यम’ किंवा ‘कच्चा’ एवढा एक शब्द छापता येतो. शाल विकत घेणाऱ्याला आपण उत्तर द्यायला बांधील असतो. जुन्या युरोपीय टॅपेस्ट्रींमधली, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपटांमधली झाडं आज निळी दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा उडून गेला आणि खालची नीळ राहिली. या पुस्तिकेत हिरव्यासाठी निळीवर हळद द्यायला सांगितलं आहे. तो हिरवा एक उन्हाळाही काढणार नाही. निळीवर झेंडू द्या. तोही कायमचा नाही, पण बराच बरा.

आता नीळ. इथे माझी खरी नाराजी आहे.

नीळ स्वतः उत्तम आहे. 20 ग्रॅम नीळ, 40 चुना, 60 फ्रुक्टोज, म्हणजे 1:2:3 हे फ्रान्समधले वनस्पतिरंगांचे जाणकार मिशेल गार्सिया यांनी रूढ केलेलं प्रमाण. घातक रसायन नाही, वास नाही, आणि नीळ व्यवस्थित ‘उठते’, म्हणजे रंग द्यायला तयार होते: वर तांबूस चकाकीची साय, कडेला निळा फेस आणि खाली पारदर्शक हिरवट-पिवळं पाणी. सुती कापडासाठी मी हेच वापरते. पण चुन्याचं हे पाणी फार अल्कधर्मी असतं, आणि लोकर म्हणजे केसासारखंच केराटिन हे प्रथिन. तिला आम्ल मानवतं, अल्क मानवत नाही. उकळत्या 5 टक्के कॉस्टिक सोड्यात तर ती काही मिनिटांत पूर्ण विरघळते. चुना इतका जहाल नाही, पण दिशा तीच. लोकरीसाठी निळीचं पाणी 9 ते 9.5 सामूला, म्हणजे पीएचला, आणि 45–50 अंशांना ठेवतात. सुती कापडाला त्याहून बरंच चढं चालतं. पुस्तिकेतलं निळीचं प्रकरण सरळसरळ सुती कापडाचं उचललेलं आहे. सामू मोजा असं कुठेही नाही, दहा-दहा मिनिटांच्या बुड्या सांगितल्या आहेत, आणि वर ‘आधी हिरड्यात भिजवा’ असंही. हिरडा सुताला तुरटी धरता यावी म्हणून देतात. निळीला मुळात तुरटीच लागत नाही आणि लोकरीला हिरडा लागत नाही.

मी लडीचे दोन भाग केले. एक पुस्तिकेप्रमाणे. दुसरा त्याच पाण्यात, पण आधी व्हिनेगरचे थेंब घालून सामू खाली आणला, पाणी कोमट ठेवलं, बुडी एकेका मिनिटाची, आणि शेवटी व्हिनेगरच्या पाण्यात धुणं. वाळल्यावर दोन्ही निळे जवळपास सारखेच दिसले. डोळे मिटून हात लावला की फरक लगेच कळला. पहिला भाग कोरडा आणि राठ, दोन धागे एकमेकांवर घासले तर करकर वाजणारा. दुसरा जसा होता तसा मऊ. पांढऱ्या फडक्यावर घासले तेव्हा पहिल्याने जास्त निळं सोडलं. सामू उतरवलेली नीळ फार काळ टिकत नाही, लवकर बसते, पण एका लडीचं काम होऊन जातं.

पाण्यातून लडी वर येते ती पोपटी पिवळी, आणि हवा लागताच कडेपासून निळी होत जाते. ते बघायला शिकणाऱ्यांची मान पातेल्यावर येते. लडी पाण्याखालीच हलकी दाबून मग काढा. वरून थेंब पडले तर प्रत्येक थेंब हवा आत नेतो आणि नीळ मरते. हेही पुस्तिकेत हवं होतं.

ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे, सामू मोजायच्या पट्ट्या आहेत आणि ग्रॅम दाखवणारा काटा आहे, त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही. लोकर आणि मंजिष्ठा एवढ्यासाठीच तो घेण्यासारखा आहे. पुस्तिकेवर विसंबून पहिल्यांदाच लोकर रंगवणाऱ्याला मी आत्ता तो सुचवणार नाही. विक्रेत्याला मी सविस्तर लिहिलं आहे: हळद काढा आणि त्या जागी 25 ग्रॅम तुरटी वाढवा, हिराकसाचा आकडा दुरुस्त करा, मंजिष्ठावर झाडाचं नाव छापा, आणि निळीचं प्रकरण लोकरीवर रोज काम करणाऱ्या कुणाकडून नव्याने लिहून घ्या. तोवर मी मंजिष्ठाची मुळं त्यांच्याकडून सुटी मागवते आहे. पुढच्या शालीचे दोन्ही काठ एकाच पुडीतून निघावेत म्हणून या वेळी जरा जास्तच.