३८८ डिंपल की ३४८? नागपुरात खेळणाऱ्यांनी कोणता गोल्फ बॉल घ्यावा

गोल्फ बॉल घेताना ‘डिंपल, म्हणजे बॉलवरचे छोटे खळगे, किती?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. टायटलिस्ट कंपनीच्या २०२१ पासूनच्या प्रो व्ही१ वर ३८८ डिंपल आहेत, प्रो व्ही१एक्सवर ३४८. तरी जास्त उंच उडतो तो एक्सच. अर्थात सगळं श्रेय डिंपलचं नाही. प्रो व्ही१ तीन थरांचा आणि एक्स चार थरांचा, म्हणजे आतली बनावटही वेगळी.

खरी मेख खोलीत आहे. डिंपल जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतो. पण तेवढ्यानेच बॉललगतचा हवेचा पातळ थर ढवळला जातो आणि बॉलच्या पार मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो. त्यामुळे बॉलला मागे खेचणारा भोवरा लहान होतो. त्याच फटक्यात गुळगुळीत बॉल जवळपास निम्म्यावरच पडेल. बॅकस्पिनमुळे, म्हणजे बॉल उलटा फिरत गेल्यामुळे, मिळणारी उचलही डिंपलमुळेच वाढते. साधारणपणे डिंपल खोल असले की बॉल खालून जातो, उथळ असले की वर चढतो.

आता आपल्या हवेचं बघू. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नागपूरची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. हवेचा अडसर कमी होतो, तशी उचलही कमी होते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर खेळणार असाल तर उंच उडणारा बॉल घ्या. दुपारचे गरम वारे सुटल्यावर मात्र तोच बॉल भरकटतो, तेव्हा खालून जाणारा बरा. थंडीत हवा दाट असते. ज्यांचा बॉल आधीच नुसता वर चढतो, त्यांनी तेव्हाही खालून जाणाराच घ्यावा. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीवर बॉल घरंगळत नाही, हवेतून जाईल तेवढंच अंतर पदरात पडतं. तिथे माझं मत सरळ एक्सला.

कॅलवे कंपनीच्या बॉलवरचे षटकोनी डिंपल एकमेकांना खेटून बसतात, मध्ये सपाट जागा जवळपास उरत नाही. कल्पना मला मनापासून आवडते, पण नुसत्या आकारासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि एक पर्याय पूर्ण टाळा: पुन्हा रंगवलेले जुने बॉल. पाव मिलिमीटरच्या खळग्यात रंगाचा थर बसला की खोली बदलते, तीही सगळीकडे सारखी नाही. न रंगवलेला, नुसता धुतलेला जुना बॉल चालेल, पण घेण्याआधी तिरप्या उजेडात फिरवून पाहा. डिंपलच्या कडेची सावली सगळीकडे रेखीव दिसली तर घ्या. एका बाजूला कडा झिजलेल्या असतील तर तो पटिंगच्या, म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच होलकडे ढकलण्याच्या, सरावापुरताच ठेवा.