वास लपवण्याचा संच: चोरलच्या मचाणावरून

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बनवलेला, माणसाच्या अंगाचा वास घालवण्याचा एक संच मी जानेवारीत मागवला आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला एका परिचितांच्या शेतावरील मचाणावर सहा संध्याकाळी बसून तो वापरून पाहिला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे मी बसतो तो कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन. परंतु चितळापासून आपला वास लपवण्याची गरज बंदूकवाल्याला जितकी, तितकीच कॅमेरावाल्यालाही असते. किंबहुना थोडी जास्तच, कारण जनावर क्षणभर दिसून आपले भागत नाही, ते पंधरा-वीस मिनिटे निर्धास्तपणे समोर वावरावे लागते. इंदूरहून केवळ राळामंडळला जाणाऱ्यांना हा खटाटोप कदाचित अनाकलनीय वाटेल. होळकरांची शिकारगाह माथ्यावर असलेल्या त्या टेकडीवर १९८९ पासून अभयारण्य आहे, तिथली चितळे रविवारच्या गर्दीला सरावलेली आहेत आणि आपल्या लसूण शेवेचा वास त्यांना एव्हाना ओळखीचा झाला असल्यास नवल नाही. चोरलकडची चितळे तशी नाहीत.

संचात पाच वस्तू आल्या: अंगाचा साबण, कपडे धुण्याचे द्रावण, कपड्यांवर व बुटांवर मारायचा फवारा, पाइनच्या वासाच्या चकत्या, आणि वारा पाहण्यासाठी पांढऱ्या भुकटीची एक चपटी बाटली, जी अंगठ्याने दाबली की भुकटीचा लहानसा ढग बाहेर पडतो. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून मला ४,८५० रुपये पडले. पुडके उघडले तेव्हा फवाऱ्याच्या बाटलीचे टोपण तडकलेले होते आणि पाव भाग द्रावण खोक्यात सांडलेले होते. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवल्यावर नऊ दिवसांनी उत्तर आले की द्रवपदार्थ परत घेतले जात नाहीत. एवढ्या पैशांत निदान टोपण धड असावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

सहापैकी तीन संध्याकाळी मी पाइनच्या चकत्या सोडून संचातील सर्व वस्तू सूचनेबरहुकूम वापरल्या आणि तीन संध्याकाळी घरचा नेहमीचा साबण लावून, नेहमीच्या पावडरीने धुतलेले कपडे घालून बसलो. सहा संध्याकाळींवरून प्रयोगशाळेसारखे निष्कर्ष निघत नाहीत हे मला मान्य आहे, परंतु जे दिसले त्याची नोंद मी त्याच रात्री वहीत करत होतो.

प्रथम साबणाविषयी. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या आणि पायांच्या कातडीवर राहणारे जीवाणू त्या घामातील घटकांचे विघटन करतात, तेव्हा जी आम्ले तयार होतात त्यांचा तो वास. म्हणजे साबणाचे खरे काम जीवाणू आणि त्यांचे खाद्य कमी करणे हे आहे, आणि ते काम हा साबण आपल्या कोणत्याही चांगल्या साबणाइतके करतो. फरक एवढाच की तो मागे चंदन किंवा गुलाब ठेवून जात नाही. हा फरक मात्र महत्त्वाचा आहे. बाजारात ‘वास नसलेले’ म्हणून मिळणाऱ्या काही साबणांत कच्च्या मालाचा वास झाकण्यासाठी दुसरे सौम्य सुवासिक द्रव्य घातलेले असते. आपल्या नाकाला ते जाणवत नाही, हरणाच्या नाकाचा भरवसा देता येत नाही. संचातील वडीच्या वेष्टनावर सुगंधी द्रव्य अजिबात नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. अंघोळीनंतर दोन-तीन तासांत घाम पुन्हा येतो, जीवाणू पुन्हा कामाला लागतात, आणि श्वास तर कोणत्याच साबणाने धुता येत नाही. एप्रिलमध्ये चढ चढून मचाणापर्यंत पोहोचेपर्यंत माझी बनियन ओली झाली होती. त्या दिवशी साबणाचे पैसे पाण्यात, खरे तर घामात, गेले.

कपडे धुण्याचे द्रावण चांगले आहे, पण त्याची जागा खाण्याचा सोडा निम्म्याहून बरीच घेऊ शकतो. घामाच्या आणि पायाच्या वासातली बरीचशी द्रव्ये आम्ले असतात. सोड्याशी संयोग होऊन त्यांचे क्षार बनतात आणि क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून वास उतरतो. फवाऱ्यातही मुख्यतः असेच काहीतरी असावे, असे लेबलावरील घटक वाचून वाटते. मात्र त्याला फवारल्यानंतर पहिली काही मिनिटे स्पिरिटसारखा तीव्र दर्प येतो. म्हणून तो मचाणावर चढून मारण्यात अर्थ नाही. शेतावरच्या खोलीत मारून, कपडे वाळवून मगच निघावे. बुटांना मात्र तो उपयोगी पडला नाही. चामडे वास धरून ठेवते. त्याऐवजी रबरी गमबूट धुऊन वापरले तर पायवाटेवर आपला माग बराच कमी राहतो, आणि गमबूट इंदूरच्या सियागंज बाजारात या फवाऱ्याच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळतात.

पाइनच्या चकत्यांबद्दल काय लिहावे? माणसाचा वास जंगलातल्या एखाद्या वासाखाली दडवायचा, ही त्यामागची कल्पना. चोरलच्या सागवानात, पळसात आणि धावड्यात पाइनचा वास घेऊन बसणे म्हणजे लपायला जाताना पायात घुंगरू बांधण्यासारखे आहे. मी त्या एकदाही मचाणावर नेल्या नाहीत. सध्या त्या कपाटात आहेत आणि झुरळांवरही त्यांचा परिणाम दिसत नाही. अशाच हेतूने तिकडे हरणिणीच्या मूत्राच्या बाटल्याही विकल्या जातात. पण हरणांमध्ये पसरणाऱ्या एका मेंदूच्या रोगाच्या भीतीने अमेरिकेतील काही राज्यांनी त्यांवर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्या कोणी मागवू नयेत.

आता त्या चपट्या बाटलीकडे वळतो, कारण सहाही संध्याकाळी मला जे काही उमगले ते तिच्यामुळे.

मचाण एका मोहाच्या झाडावर आहे, आणि त्याच्या खाली साधारण पन्नास पावलांवर, उताराच्या बाजूला, जनावरांसाठी बांधलेले पाण्याचे टाके आहे. टाक्याच्या मागून नाला खाली उतरतो. माळव्याचे पठार इथे संपते आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे ढासळत जाते, त्यामुळे सपाट शेतात जसा वारा सरळ एका दिशेने वाहतो तसा तो इथे वाहत नाही. मार्चमधल्या पहिल्या संध्याकाळी साडेपाच वाजता मी बाटली दाबली तेव्हा भुकटी टाक्याकडून माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावरून मागे, चढाच्या दिशेने गेली. उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर सरकत होती. म्हणजे माझा वास पाण्यापासून दूर चालला होता. त्या दिवशी मी घरच्या सुवासिक साबणाने न्हाऊन आलो होतो, तरी सहा चितळांचा कळप पावणेसहाला आला, माद्या पाणी प्यायल्या, एक शिंगवाला नर टाक्याच्या काठावर मान घासत उभा राहिला, आणि सतरा मिनिटे कोणी मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही.

याच्या उलट अनुभव पुढच्या आठवड्यात आला. मी साबण, द्रावण, फवारा असे सर्व सोपस्कार करून, वाटेत पोहे-जिलबीचा मोहदेखील टाळून (पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास बोटांना दिवसभर राहतो, हे कोणाही इंदूरकराला सांगायला नको) मचाणावर बसलो होतो. सव्वासहाला सूर्य डोंगराआड गेला. भुकटीचा ढग दोन क्षण तिथेच लोंबकळला, जणू कुठे जावे हे ठरत नव्हते, आणि मग सावकाश, फळीच्या कडेवरून ओघळल्यासारखा, खाली टाक्याकडे निघाला. उन्ह गेल्यावर जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते व पाण्यासारखी उताराने वाहू लागते. नाला हा तिचाही नाला असतो. दहा मिनिटांनी कळपातली पुढची मादी टाक्यापासून वीस-बावीस पावलांवर थबकली. तिने नाक वर केले, पुढचा पाय जमिनीवर दोनदा आपटला, शेपूट उभी केली, आणि तिच्या एका कर्कश सादेबरोबर सगळा कळप नाल्यात नाहीसा झाला.

येथे संचाला न्याय देणे भाग आहे. साध्या साबणाच्या एका संध्याकाळी, हवा अशीच खाली वाहत असताना, कळप टाक्याच्या आसपासही फिरकला नव्हता. नाल्यापलीकडून फक्त साद ऐकू आली होती. संच वापरल्यावर मादी टाक्याच्या बरीच जवळ येऊन थबकली, म्हणजे वास काही प्रमाणात कमी झाला होता असे मानायला जागा आहे. पण हरिण थबकते ते वास किती आहे हे मोजून नव्हे. माणसाचा आहे एवढे कळले की त्याला पुरे होते. ‘शंभर टक्के गंधमुक्ती’ असे जे वेष्टनावर छापले आहे, ते जाहिरातीचे शब्द समजावेत.

शेतावर राखणदारी करणारे काका या सर्व प्रकाराकडे शांतपणे पाहत असत. ते मचाणाखाली बसून विडी ओढतात, त्यांच्या घोंगडीला वर्षानुवर्षांचा धूर आहे, आणि तरीही कळप त्यांच्यापासून चाळीस पावलांवर पाणी पितो. त्यांचे म्हणणे असे की जनावर त्यांना ओळखते. हे मला पटते. रोज त्याच वेळी, त्याच जागी येणारा आणि कधीच इजा न करणारा वास हा त्या रानाचाच भाग होऊन जातो. महिन्यातून दोनदा येणाऱ्या माझ्या वासाला ती सवलत नाही. तेव्हा राखणदारांचा दाखला देऊन ‘वासाने काही फरक पडत नाही’ असे सांगणाऱ्यांवर नवख्या माणसाने विसंबू नये.

एका मित्राने मला सक्रिय कोळशाचे अस्तर असलेले जाकीट दोन संध्याकाळींसाठी दिले होते, त्याबद्दल थोडक्यात. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांमुळे त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरते आणि वासाचे रेणू त्यावर चिकटून बसतात, इथवर दावा शास्त्रीय आहे. परंतु ती छिद्रे भरली की जाकीट साधे जाकीट होते, आणि ती पूर्ण रिकामी करण्यासाठी जी उष्णता लागते ती घरच्या कपडे वाळवण्याच्या यंत्रात मिळत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कपड्यांतली माणसे शोधकुत्र्यांसमोर लपवली गेली, तेव्हा कुत्र्यांच्या कामगिरीत त्या कपड्यांमुळे विशेष फरक पडलेला आढळला नाही. शिवाय माळव्यात होळीनंतर ते अंगात घालणे म्हणजे वास अडवण्यासाठी आणखी घाम काढणे. मी ते दुसऱ्या संध्याकाळी अर्ध्या वाटेतच काढून पिशवीत टाकले.

संपूर्ण संच घेण्याची शिफारस मी करणार नाही. साबणाची वडी सुटी मिळाली तर जरूर घ्यावी, द्रावणाऐवजी सोडा आणि उन्हात वाळवलेले कपडे वापरावेत, फवारा ज्याचे टोपण शाबूत असेल त्यानेच घ्यावा, आणि पेट्रोल आदल्या दिवशी भरून ठेवावे, कारण पंपावरचा वास हातमोज्यांतूनही जात नाही. भुकटीची बाटली मात्र हवीच. तिच्यामुळे मी एप्रिलच्या शेवटच्या बैठकीला मचाण सोडून टाक्याच्या पलीकडे, नाल्याच्या खालच्या अंगाला, एका खडकाआड बसलो. सहानंतर हवा टाक्यावरून माझ्याकडे उतरत राहिली आणि कळप अंधार पडेपर्यंत थांबला.

मूळ भुकटी महिनाभरात संपली. आमच्या शेजारच्या आजोबांच्या सांगण्यावरून मी आधी चुलीची राख फडक्यातून गाळून भरली. ती उडते उत्तम, पण सव्वासहानंतरच्या उजेडात दिसत नाही. टाल्कम पावडर दिसते, पण तिच्या सुवासाने मूळ हेतूच हरतो. सध्या मी मक्याचे पीठ वापरतो. ते दमट हवेत गोळा होऊन नळीचे तोंड बंद करते, म्हणून आदल्या दिवशी उन्हात वाळवून, मलमलीतून दोनदा गाळून, बाटली निम्मीच भरावी लागते. मचाणाजवळ रुईची बोंडे उकललेली असतील तेव्हा बाटलीही लागत नाही. एक म्हातारी चिमटीतून सोडली की ती टाक्यापर्यंतचा हवेचा सगळा रस्ता दाखवून जाते.