सांगलीच्या हरभट रोडमागचं जुन्या पुस्तकांचं दुकान

पाटी नाही, पंखा एकच आणि तोही मालकांच्या डोक्यावर. पण माल अस्सल! अमेरिकेतल्या निवडणुकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मला इथं ८० रुपयांत मिळालं. मालक शंभरावर अडून बसले होते, निखळलेला पुठ्ठा दाखवल्यावर खाली आले.

कॅलिफोर्नियाच्या १९५८ च्या निवडणुकीचं प्रकरणच पैसे वसूल करतं. तिथं गव्हर्नरच (राज्याचा कारभारी प्रमुख) नाही, तर ॲटर्नी जनरल (सरकारी वकिलांचा प्रमुख), कंट्रोलर (हिशेब सांभाळणारा), खजिनदार हेसुद्धा लोक थेट मतं देऊन निवडतात. सिनेटमधले (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातले) रिपब्लिकन नेते विल्यम नोलँड यांना गव्हर्नर व्हायचं होतं. मग पदावर असलेल्या गुडविन नाइट यांना त्यांच्याच पक्षानं सिनेटच्या जागेकडं ढकललं. दोघंही आपटले! डेमोक्रॅट पॅट ब्राऊन १० लाखांवर मताधिक्यानं गव्हर्नर झाले. त्यात नोलँडनी कामगारांना युनियनचं सदस्य होण्याच्या सक्तीविरुद्धचा, लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव क्र. १८ उचलून धरलेला, त्यामुळं कामगार खवळलेले. तो प्रस्तावही पडला. राज्याच्या पदांवर रिपब्लिकनांची लाज राखली ती एकट्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका आणि नोंदी बघणारे) फ्रँक जॉर्डन यांनी. आपल्याकडं तिकिटांची अशी अदलाबदल झाली असती, तर चहाच्या गाड्यावर महिनाभर दुसरा विषय नसता.

दुकानात वर्गवारी मात्र शून्य. कायद्याच्या गठ्ठ्यात लोणच्यांची पुस्तकं. खालच्या फळीवरची पुस्तकं २०१९ च्या पुरातली. पानं फुगलेली, कडेला मातीची रेघ. ती घेऊ नका. आणि सुट्टे पैसे न्या, मालक ऑनलाइन घेत नाहीत.