नॉक्स ट्रॅपमधला साठा: नुसती बेरीज की काल्मन फिल्टर?

डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर बसवलेल्या नॉक्स ट्रॅपमधलं बेरियम नायट्रोजनची ऑक्साइडं (म्हणजेच नॉक्स) नायट्रेटच्या रूपात धरून ठेवतं. ट्रॅप भरत आला की काही सेकंद जादा डिझेल देऊन तो मोकळा करायचा. उशीर झाला तर विषारी वायू बाहेर, घाई केली तर इंधन वाया. साठा मात्र थेट मोजता येत नाही.

बेरजेची रीत सोपी: आत आलेलं वजा बाहेर गेलेलं, क्षणोक्षणी मांडत जायचं. साध्या कंट्रोलरलाही जमतं. पण आत आलेलं नॉक्स ज्याच्या आकड्यावरून काढतात तो इंजिनच्या हवेचा सेन्सर कायम थोडं जास्त दाखवत असेल, तर ती चूक ट्रॅप रिकामा होईपर्यंत वाढतच जाते.

काल्मन फिल्टर (मूळ लेख 1960 चा) ट्रॅपच्या गणिती मॉडेलचा अंदाज आणि ट्रॅपमागच्या नॉक्स सेन्सरचा आकडा, दोन्ही किती भरवशाचे ते तोलून साठा दुरुस्त करतो. इथेच खरी मेहनत आहे. ट्रॅप मोकळा होताना अमोनिया बनतो आणि सेन्सर त्यालाही नॉक्स समजतो. तेवढा वेळ सेन्सरच्या आकड्याचं वजन घटवावंच लागतं. ते केलं नाही तर फिल्टर बेरजेपेक्षाही वाईट.

नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत ट्रॅप थंडावतो, वर्धा रोडला लागून बुटीबोरीकडे निघालं की तापतो, आणि तापमानाबरोबर त्याची धारणक्षमताही बदलते. अशा गाडीला मी फिल्टरच निवडेन. इंजिन नुकतं सुरू झालेलं असताना, सेन्सर तापेपर्यंत, बेरीजच वापरावी लागते.