इंग्रजी-मराठी कोश घ्यावा की इंग्रजी-इंग्रजी?

इंग्रजी-इंग्रजी म्हणजे इथे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, लर्नर्स डिक्शनरी म्हणतात तो. ऑक्सफर्डचा किंवा लाँगमनचा. इंग्रजी ज्यांची मातृभाषाच आहे त्यांच्यासाठीचा जाड ठोकळा या तुलनेत धरलेला नाही.

झाडं, मसाले, अवयव यांत इंग्रजी-मराठीला तोड नाही. 'फेनुग्रीक' म्हणजे मेथी, विषय संपला. लर्नर्स कोश बियांचा रंग नि स्वयंपाकातला उपयोग सांगत बसतो आणि तरी डोळ्यांपुढे मेथी येईलच असं नाही. भाववाचक शब्दांत मात्र गाडी अडते. 'रिझिलियन्स'पुढे 'स्थितिस्थापकत्व' वाचून स्प्रिंगचा गुण कळतो. संकटातून पुन्हा उभ्या राहणाऱ्या माणसाला तो शब्द कसा लावायचा, हे कळत नाही.

माझ्यापुरतं पारडं झुकलं ते एका बारीकशा कटकटीने. 'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे. अर्थ अगदी बरोबर. पण मराठीत चर्चा कशा'बद्दल' तरी होते, म्हणून आपण 'डिस्कस अबाऊट' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत मधे काहीच लागत नाही: 'डिस्कस द प्लॅन'. लग्न कुणा'शी' होतं, म्हणून 'मॅरी विथ'. स्टेशन'ला' पोहोचतो, म्हणून 'रीच टू द स्टेशन'. सल्ले चार मिळाले, म्हणून 'ॲडव्हाइसेस'. अर्थ पाठ, वाक्य चूक. आणि खिशातल्या छोट्या कोशात ही चूक पकडणारं सहसा काही नसतं. लर्नर्स कोशात क्रियापदापुढे 'टी' दिसला की थेट कर्म येतं, नामापुढे 'यू' दिसला की अनेकवचन होत नाही, आणि खाली नमुन्याचं अख्खं वाक्य. या खुणांकडे बहुतेक जण बघतच नाहीत, खरी गंमत ती.

अडचण त्यातही आहे. लाँगमनच्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बांधलेल्या असतात. तेवढे हाताशी नसतील तर एका शब्दासाठी तीन पानं उलटावी लागतात. दुकानातच पाच मध्यम शब्द उघडून पाहा. व्याख्येत एकाहून जास्त शब्द अडले, तर सध्या इंग्रजी-मराठीच बरा, किंवा लर्नर्समधली खालच्या पातळीची आवृत्ती.

वही दोन्हींना लागतेच. नुसता 'रिलक्टंट' (नाखूष) लिहू नका. 'रिलक्टंट टू ॲडमिट' अशी जोडी, प्रत्ययासारखी चिकटलेली, शाईने लिहा आणि मराठी अर्थ कडेला पेन्सिलने. दुसऱ्या दिवशी जोडी झाकून अर्थावरून ती लिहायची. न अडखळता जमली की अर्थ खोडायचा. रोज पाच-सहा पुरे. वीस घेतले की आठवड्याभरात उजळणीचा ढीग साचतो आणि वही मिटते.

एकच घ्यायचा असेल तर मी लर्नर्सकडे बोट दाखवीन. घरातला जुना इंग्रजी-मराठी मात्र रद्दीत घालू नका. मेथी, पित्ताशय, तारण असल्या शब्दांना तोच लागतो.