दीक्षाभूमीच्या स्टॉलवरचा पेनड्राइव्ह : गाणी भरपूर, नावं गायब

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या स्टॉलना लागूनच गाण्यांचे स्टॉल असतात. तिथून यंदा 32 जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, 350 रुपयांना. पाकिटावर बुद्धमूर्ती, बाबासाहेब आणि मोठ्या अक्षरांत ‘बुद्ध-भीम भक्तिसंगीत’. नागपुरातल्याच इंदोऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मशीन दिवसभर चालते, त्यामुळे गाणं तपासायची माझी रीत सरळ आहे : शिवण मारता मारता शब्द कळले पाहिजेत.

जुनी गाणी यात पास. पेटी, ढोलक, बँजो आणि टाळ्या एवढीच साथ, गाणाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे. कव्वालीच्या ढंगाची भीमगीतं तर मला फारच आवडतात. एकच ओळ चार वेळा फिरवून म्हणतात, तोवर एक बाही जोडून होते आणि ओळ पाठही होते. डीजेच्या फोल्डरमध्ये मात्र नुसता दणका. टेबलावरची कात्री थरथरते, शब्द एक कळत नाही. भाच्याला तेच हवं असतं. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत मलाही चालेल, दुकानात नाही.

खरी गंमत ऐकणाऱ्यांची आहे. सकाळी त्रिशरण-पंचशील लागलं की आई हातातली तुरपाई बाजूला ठेवून हात जोडते. पालीतला प्रत्येक शब्द तिला येतो. पण त्याच फोल्डरमधलं एक नवं गाणं बाबासाहेबांना थेट देवाचा अवतार करून टाकतं. ते लागलं तशी आई भडकली, “बंद कर व ते! चौथी प्रतिज्ञा काय हाय?” देवाने अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही, अशी ती प्रतिज्ञा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या तेव्हा माझी आजी दीक्षाभूमीच्या मैदानात होती, आईने त्या तिच्याकडूनच पाठ केल्या. भाचा म्हणाला, “आजी, गाणं हाय ते. प्रेमानं म्हटलं त्यानं.” त्याचं प्रेम मला समजतं, पण मी आईच्या बाजूने आहे. ज्या माणसाने हात जोडण्याऐवजी शिकायला सांगितलं, त्याच्या गाण्यात तेवढं भान हवंच.

प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांनी भीमगीतं गायली, विठ्ठलाची गाणी गायली आणि कव्वाल्याही. त्यामुळे ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या शेजारच्या वारकरी काकू त्यांचं भीमगीत ऐकूनही “आमचे प्रल्हादबुवा!” म्हणून मान डोलावतात. त्यांचं ते देवाला आता तरी पावशील का म्हणून विचारणारं प्रसिद्ध गाणं पेनड्राइव्हमध्ये चुकून आलंय. काकूंना त्यात भक्ताची आळवणी ऐकू येते. मला जन्मभर राबलेल्या माणसाची तक्रार ऐकू येते. मी देव मानत नाही तरी ते गाणं बदलत नाही, कारण त्या आवाजातली दमणूक आमच्या वस्तीतली आहे.

आणि लगेच त्याच्यामागे लोककवी वामनदादा कर्डकांचं टाटा-बिर्लांना आमचा वाटा कुठे आहे म्हणून विचारणारं गाणं! तेही भक्तिसंगीतात घातलंय. मागणं दोन्हीकडे आहे, पण वामनदादा देवाकडे मागत नाहीत, ज्यांच्याकडे आहे त्यांना हिशेब विचारतात. वंदनेच्या रांगेत बसवलं की ऐकणारा त्या गाण्यालाही डोळे मिटून घेतो, याचं मला वाईट वाटतं. ते गाणं डोळे उघडे ठेवून ऐकायचं आहे.

सर्वात मोठा दोष : एकाही गाण्याला नाव नाही. सगळं ‘ट्रॅक 047’, ‘ट्रॅक 048’. कवी कोण, गायक कोण, काही पत्ता नाही. वर मध्येच कडव्यावर स्टॉलवाल्याची जाहिरात बोलते. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही 2004 साली गेले. ज्यांनी गावोगाव फिरून गायलं त्यांची नावं पुसून त्यांचाच आवाज विकायचा, हे मला पटत नाही. भाच्याच्या पिढीला वामनदादा हे नाव कळणार कुठून? काही गाणी दोन-दोनदा भरली आहेत, त्यामुळे 32 जीबी भरून वेगवेगळी गाणी मिळतील असं धरू नका.

पाचपैकी तीन तारे, तेही जुन्या रेकॉर्डिंगसाठी. घ्यायचाच असेल तर स्टॉलवर स्पीकरला लावून दोन-चार गाणी ऐका, डीजेशिवायची कॉपी मागा. घरी आल्यावर मुलांना बसवून फायलींना नावं द्या. आम्ही भाच्याकडून ते काम सुरू केलंय. आई गायक ओळखते, तो टाइप करतो. अवताराचं गाणं आईने पहिल्याच दिवशी डिलीट करायला लावलं.