रोहित पाहायला ऐरोलीची बोट की नेरुळचे तळे?

नोव्हेंबर ते मे या काळात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला ऐरोलीला जावे की नेरुळला, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत घरोघरी निघतो. पक्षी दोन्हीकडे तेच असतात. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात आणि भरतीने तो चिखल झाकला गेला की नेरुळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर विसाव्याला येतात. म्हणून आधी भरतीची वेळ पाहावी. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती येते.

ऐरोलीची बोट वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून सुटते; त्यामुळे नोंदणी आगाऊ करावी लागते. २०१५ साली घोषित झालेले १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडीचे हे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. लहान मुले किंवा पहिल्यांदाच येणारी मंडळी सोबत असतील, तर मी ऐरोलीच सुचवेन, कारण माहिती सांगणारे माणूस बरोबर असते आणि तिवरांच्या कडेकडेने जाताना खाडीचा विस्तार समजतो. मात्र बोट थव्याच्या जवळ नेण्याचा आग्रह कोणीही धरू नये. घाबरून उडालेल्या पक्ष्याचे चरणे थांबते. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणे तर पूर्णपणे टाळावे.

नेरुळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या) तळ्यावर तिकीट नाही, बोट नाही आणि काठावरूनच पक्षी दिसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त चढते, तेव्हा थवे मिळण्याची शक्यता अधिक. दुपारच्या उन्हाची तयारी मात्र ठेवावी. दुर्बीण लावून पाहिले, तर उलटी धरलेली चोच पाणी गाळताना दिसते आणि गुलाबी पक्ष्यांमध्ये एखादे राखाडी पिल्लूही ओळखू येते. हे बारकावे हलत्या बोटीतून क्वचितच टिपता येतात. पण हे तळे खाडीच्या पाण्यावर जगते; २०२४ मध्ये तो प्रवाह अडल्याने ते कोरडे पडले होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. काठावर अडवणारे कोणी नसले, तरी चिखलात उतरू नये आणि ड्रोन उडवू नये.

दोन्ही जमणार असेल, तर आधी ऐरोली करावी आणि पुढच्या उधाणाला दुर्बीण घेऊन नेरुळ गाठावे.